पाठमोरी पदवीधर

माझ्या पदवीदान समारंभाचा फोटो भिंतीवर लावायची सोय नाही. त्यात पाहुणे हसताहेत, प्राचार्य हसताहेत, कोपऱ्यात समई तेवते आहे, आणि मधोमध एक काळा गाऊन कॅमेऱ्याकडं पाठ करून उभा आहे. त्या गाऊनात मी आहे. नात म्हणते, "आजी, हा फोटो कुणालाही उसना देता येईल. कुणीबी म्हणावं, ही माझीच पाठ."

साठी उलटल्यावर बी.ए. झालेली बाई स्टेजच्या पायऱ्या चढेपर्यंत बरी होती. मग एकाएकी तिला काय झालं, हे सांगायचं तर आधी आमच्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगावं लागेल. त्यांच्याबरोबर एका छपराखाली मी सारा जन्म काढला आणि त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

ते म्हणजे माझे भासरे, मालकांचे थोरले भाऊ. भोकरदनकडच्या आमच्या गावात सुनेनं भासऱ्यापुढं पदर पार नाकापर्यंत ओढायचा, त्यांच्या समोरून जायचं नाही, आणि बोलायचं तर बिलकुल नाही. भासऱ्यांनीही सुनेच्या तोंडाकडं बघायचं नाही, घरात पाऊल टाकायच्या आधी खाकरायचं. काही लागलं-सवरलं तर मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस नसलं तर वाऱ्याला सांगायचं. "घरात गूळ हाय का?" असं ते उंबऱ्याला विचारायचे आणि मी चुलीला सांगायची, "फडताळात हाय की." उंबरा आणि चूल यांच्यातच आमच्या घरचा निम्मा कारभार चालायचा.

ही रीत सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी समजावून दिली. पण जी पोरगी, म्हणजे तेव्हाची मी, नवरी होऊन या घरात आली होती, ती फार शहाणी. मॅट्रिक पास. आमच्या भावकीत तोवर एकही सून मॅट्रिक नव्हती, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये म्हणून ती धुणं धुवायला जातानासुद्धा पोलक्याला पेन अडकवून जायची. त्या पेनात शाई नसायची.

अशा बाईनं आल्या आल्या ही रीत मोडली असेल, असं तुम्हाला वाटेल. आज मलाही वाटतं, मोडायला हवी होती. पण त्या पोरीनं उलटंच केलं. बाकीच्या सुना पाळतात त्याच्या दुप्पट आपण पाळून दाखवू, म्हणजे शिकलेली सून बिघडते असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही, असा तिचा विचार. परीक्षेत पुरवण्या घेणारी जात ती. रीत पाळायची तर तीसुद्धा पहिल्या नंबरानं.

तिची हुशारी कुठवर गेली होती ते सांगते. एका दुपारी भासरे ओसरीवर दोर वळत बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आतून सूप घेऊन आले तर त्यांच्या धोतराच्या सोग्यापाशी विंचू. एखाद्या अडाणी बाईनं बोंब ठोकली असती आणि काम झालं असतं. मॅट्रिकवाली विचार करत उभी राहिली. मग खांबाशी निजलेल्या मांजरीला म्हणाली, "मांजरी, बघ बाई, तुझ्या मागं विंचू हाय."

भासऱ्यांनी वळून मांजरीच्या मागं बघितलं. तिथं काही नव्हतं. तोवर विंचवानं इकडं आपलं काम उरकलं.

अंधार पडेपर्यंत माणूस तळमळत होता आणि मी दाराआड बसून होते. आता घरात काय महाभारत होतंय कुणास ठाऊक. पायाची कळ उतरल्यावर भासरे लंगडत ओसरीवर आले, मांजरीला मांडीवर घेतलं, आणि आतल्या दाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मांजरबाई, पुढच्या बारीला ज्याच्या मागं विंचू असंल त्यालाच सांगत जाय."

मी पदर तोंडात कोंबून हसले. त्या दिवशी मला कळलं, हा माणूस रागीट नाही. आणि एवढं कळल्यावर बोलायची जल्दी मला उरली नाही, त्यांनाही नसावी. लेकरं झाली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. माझ्या जाऊबाई गेल्या. मी भासऱ्यांना पावलांवरून ओळखायची, खाकरण्यावरून, काठी टेकण्यावरून. तोंडावरून ओळखायची वेळ आली असती तर बाजारात चुकले असते.

मालक गेले तेव्हा मात्र माझी सगळी हुशारी संपली. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. मुलगा-सून दिवसभर मोसंबीच्या बागेत असायचे. सून येऊन जेवायला उठवायची, मी दोन घास खायची आणि पुन्हा भिंत. असं बरंच चाललं. मग एका सकाळी उंबऱ्याशी खाकरणं ऐकू आलं आणि मागोमाग भासऱ्यांचा आवाज. बोलत होते उंबऱ्याशीच.

"माझे डोळे दुखून राह्यले. या घरात कुणी मॅट्रिक पास माणूस असंल तर त्यानं पेपर वाचून दाखवावा."

आणि पेपर काठीनं आत सरकवला.

मी उठले. चूळ भरली. दाराच्या आत बसून वाचलं. ते बाहेर खुर्चीवर बसून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर आत आला. एखादी बातमी पुन्हा ऐकायची असली की ते काठी आपटायचे. पुढं पुढं मला त्यांच्या आवडीनिवडी कळल्या. बाजारभाव नीट वाचायचे, सिनेमावाल्यांचं सोडून द्यायचं, कुणाच्या घरातलं भांडण कोर्टात गेलं असलं तर सावकाश वाचायचं.

एक दिवस मी एका विद्यापीठाची जाहिरात वाचली. घरी बसून शिका, प्रवेश सुरू, वयाची अट नाही. काठी वाजली. मी पुन्हा वाचली. पुन्हा काठी. मला वाटलं, शेजारपाजारच्या पोरासोरांसाठी विचारत असतील. परत वाचली. परत काठी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बातमी त्यांना ऐकायची नव्हती, मला ऐकवायची होती.

नातीनं जालन्याहून सगळं जुळवून दिलं. ती तिथं एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला आहे, रविवारी गावाकडं येते. पुस्तकं आली तशी मी पेपरासारखीच ती मोठ्यानं वाचायला लागले, दाराच्या आत बसून. म्हणजे बी.ए. तसं आम्ही दोघांनी केलं म्हणा. हजेरी माझी, ऐकणं त्यांचं. समाजशास्त्र त्यांना फार आवडायचं. इतिहासात ते घोरायचे. त्या समाजशास्त्रात स्त्रियांच्या चालीरीतींवर एक धडा होता. पडदा, पदर, घरातल्या पुरुषांसमोर न येणं, हे सगळं त्यात होतं. तो मी वाचला तेव्हा बाहेरून काठी वाजली नाही, खोकला आला नाही, काहीच नाही. परीक्षेला नेमका त्याच्यावर प्रश्न आला. मी पदर सावरून पदराच्या विरोधात दोन पुरवण्या लिहिल्या. त्या पेपरात मला चांगले मार्क आहेत.

यात एक गोष्ट मात्र वाईट झाली. डोळे दुखतात हे भासऱ्यांचं आधी निमित्त होतं, ते खरं झालं. जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं सगळं गेलेलं. फक्त समोरचं तेवढं दिसायचं, बांबूच्या नळीतून बघावं तसं. औषधाचे थेंब घातले तर आहे ते काही दिवस टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

माझा निकाल लागला आणि विद्यापीठाचा पदवीदान समारंभ जालन्याच्या एका कॉलेजात आहे असं कळलं. मी जायची नव्हते. या वयात गाऊन घालून मिरवायचं म्हणजे बैलपोळ्याला म्हातारा बैल रंगवण्यासारखं. पण भासरे अंगणात नातीला म्हणाले, "तिला सांग, म्या येणार. अजून थोडं दिसून राह्यलंय, त्यात तेवढं बघून घेतो. पुढच्या साली काय दिसंल काय न्हाई."

मी दाराआड होते. नात आत निरोप घेऊन आली तेव्हा मी आधीच ट्रंकेतून साडी काढत होते. त्यांना ते दिसलं पाहिजे, बस. त्यापलीकडं मला त्या समारंभाकडून काही नको होतं.

गाडी नातीनं चालवली. पुढं तिच्या शेजारी भासरे, मागं मी पदर ओढून.

"आजीला विचार, गोळी घेतली का."

"मोठ्या आबांना सांग, घेतली. त्यांनी डोळ्यात औषध घातलं का?"

"घातलं म्हणावं. आणि धपाटे घेतले का बांधून?"

राजूर मागं पडेपर्यंत नातीनं सोसलं. मग म्हणाली, "म्या गाडी चालवू का तुमची टपाल वाटू? दोघांत एक हात अंतर हाय."

थोड्या वेळानं भासरे म्हणाले, "तिला सांग, पोरगी चिडली."

कॉलेजात गाऊन वाटत होते. माझ्या रांगेत एसटीचा एक कंडक्टर होता, दोन अंगणवाडीताई होत्या, सळयांच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेला एक जण होता, आणि स्कार्फ बांधलेली एक तरुण मुलगी होती. पदर गाऊनच्या आत घ्या, बाहेर लोंबता कामा नये, असं गाऊनवाल्या बाईनं बजावलं. माझ्या अंबाड्यावर चौकोनी टोपी ठरेना. त्या स्कार्फवाल्या मुलीनं आपल्या डोक्यातल्या पिना काढून माझी टोपी बसवली. मला मावशी करून म्हणाली, "खाला, अब हिलना नको." मी आरशात बघितलं. एखाद्या पाटीवर पोळपाट ठेवल्यासारखं दिसत होतं, पण ऐट होती.

तिकडं नातीनं भांडून भासऱ्यांना पहिल्या रांगेत, अगदी मधोमध खुर्ची मिळवून दिली होती. कडेला बसवलं तर त्यांना स्टेज सापडणारच नाही, हे तिनं तिथल्या पोरांना समजावलं.

माझं नाव पुकारलं. मी चढले. पाहुण्यांच्या हातात माझी पदवी होती, मी हात पुढं केला, आणि सहज समोर बघितलं. भासरे उठून उभे राहिले होते. दोन्ही हात काठीवर, मान ताणलेली. डोकं हळूहळू इकडं तिकडं करत ते त्या एवढ्याशा नळीत मला शोधत होते. ते माझ्याकडं बघताहेत, आणि मी तोंडावर पदर नसताना त्यांच्यासमोर उभी. असं आजवर कधी झालं नव्हतं.

हात आपोआप पदराकडं गेला. पदर गाऊनच्या आत. मी ओढला, पिना तुटल्या, टोपी पडली. पदर काही निघेना. मग देहानं त्याला ठाऊक असलेला दुसरा उपाय केला. मी गर्रकन पाठ फिरवली.

पाहुणे भले होते. ते पदवी घेऊन वळसा घालून माझ्या पुढ्यात आले. मला वाटलं, हे आता मला पुन्हा तिकडं वळवणार, म्हणून मी मागच्या पडद्याकडं आणखी सरकले. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडं." मॅडम पडद्याकडं. कुणीतरी टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, मी पदवी काखेत मारली आणि आले त्या पायऱ्यांनी न उतरता मागच्या बाजूनं उतरले. तिथं मोडकी बाकडी रचलेली होती. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. सभागृहात हशा चालला होता.

मांजरीला विंचू दाखवणारी ती पोरगी कधीच मेली असं मी धरून चालले होते. ती मेली नव्हती. गाऊन घालून माझ्या आधी स्टेजवर गेली होती.

नात मला शोधत आली. मला वाटलं हसेल. हसली नाही.

"आजी, काय केलंस गं. मोठे आबा खाली बसायलाच तयार न्हाईत. म्हणून राह्यले, नाव तर ऐकलं, पण माणूस कुठं दिसलं न्हाई. पुढच्या सगळ्या पोरींकडं बघून राह्यले ते, तू हाईस का म्हणून."

दोन पुरवण्या लिहिणाऱ्या बाईला एक मान फिरवता आली नव्हती.

"त्यांना बाहेर आण," मी म्हटलं. "उजेडात आण."

कॉलेजच्या आवारात लोक समोसे खात फोटो काढत होते. नातीनं एका कडुलिंबाच्या कडेला उन्हात खुर्ची टाकून भासऱ्यांना बसवलं, आणि तीही समोसा आणायला म्हणून निघून गेली. त्या पोरीला समोसा आवडत नाही.

मी कडेनं त्यांच्याजवळ गेले. कडेचं त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळं मी अगदी हातभर अंतरावर उभी राहिले तरी त्यांना पत्ता नव्हता. ते समोर बघत होते. तेव्हा मला जाणवलं की मीसुद्धा त्यांना कधी बघितलेलं नाही. आता बघितलं. भुवया पांढऱ्या, दाट. कानाच्या पाळीवर तीळ. मालकांचा होता तसाच, त्याच जागी. मला तो तीळ माहीत नव्हता. मालक जाऊन एवढी वर्षं झाली आणि तो तीळ आमच्याच घरात रोज माझ्यापुढं पेपर ऐकत बसला होता.

मग मी समोर गेले. पदर एव्हाना गाऊनातून काढून डोक्यावर घेतला होता, तो कपाळावरून मागं सारला. वर टोपी बसवली, पदवी छातीशी धरली. आणि हाक मारावी तर मारायला शब्द नाही. त्यांना काय म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. लेकरं मोठे बाबा म्हणायची, नातवंडं मोठे आबा म्हणायची. मी काय म्हणायचं? अहो म्हणावं तर ते मालकांचं होतं.

"दादा," मी म्हटलं. "मी हाय. बघा."

त्यांनी दचकून मान वळवली. थोडी इकडं, थोडी तिकडं, आणि मग मी सापडले. ते सवयीनं म्हणाले, "पोरी, तिला सांग की..." आणि थांबले. पोरगी तिथं नव्हती. मला वाटलं आता ते खाली बघतील. त्यांनी बघितलं नाही. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले, सावकाश, कोर्टाची बातमी ऐकायचे तसे. मी हलले नाही.

"तू आमच्या मायसारखी दिसती म्हणायचे सगळे," ते म्हणाले.

मी टोपी सावरली.

"न्हाई दिसत. लोक उगीच सांगायचे."

"मंग कुणासारखी दिसते?"

त्यांनी विचार केला. "आता काय सांगू. तुझ्यासारखी दिसती."

मग त्यांनी पदवीसाठी हात पुढं केला. कागद डोळ्यांपुढं धरून एकेक अक्षर नळीतून सरकवत माझं नाव वाचलं. वाचून झाल्यावर विचारलं, "इतिहासात किती पडले?"

"बरे पडले."

"वाटलंच. म्या झोपलो की तू नेट लावून वाचायची."

परत येताना नातीला काही काम उरलं नाही. भासरे पुढं बसून मागं बोलत होते. मोसंबीचं झालं, मालकांच्या लहानपणचं झालं, विंचवाचं झालं. तो पाय अजून थंडीत दुखतो म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि एक. चहात साखर लई असती."

"कव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग आजवर सांगितलं का न्हाई?"

"कुणाजवळ सांगू? तक्रार निरोपानं गेली की तिचं भांडण होतं."

नातीनं गाडी बाजूला घेऊन थांबवली. तिला हसू आवरेना. मला दोन्ही येत होतं, हसूही आणि ते दुसरंही, आणि पदर तर मी मागं सारून बसले होते, म्हणून दोन्ही सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी साखर निम्मी केली. चहा घेऊन दाराच्या बाहेर आले आणि त्यांच्या समोरच्या पायरीवर बसले. त्यांनी एक घोट घेतला. "आज लई कमी पडली," म्हणाले. तेव्हापासून साखरेवरून आमचं रोज वाजतं. गावात काही बायकांनी नावं ठेवली. एकीनं मला विचारलं, आता या वयात लाज सोडली का? मी म्हटलं, सोडली न्हाई बाई, जरा मागं सारली.

आता भासऱ्यांची ती नळीही मिटत आली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी सकाळी मी पायरीवर पेपर उघडला की ते आधी विचारतात, "तोंड इकडंच हाय ना?"

"इकडंच हाय, दादा."

"मंग वाच."